कापडाला कुलूप

माझी तक्रार कुलपाबद्दल आहे. इतरही आहेत, त्या ओघाने येतील. पण सुरुवात कुलपापासून केलेली बरी, कारण शेवटी सगळं येऊन अडलं ते तिथेच.

कुलूप पितळी, बोराएवढं, तीन आकड्यांचं होतं. ज्या तंबूला ते लावायचं तो तंबू कापडाचा. दार म्हणून त्याला माणूसभर उंचीची एक चेन होती. चेनीचे दोन्ही रनर एकमेकांजवळ आणायचे, त्यांच्या भोकांतून कुलूप अडकवायचं आणि आकडे फिरवून निर्धास्त व्हायचं, हे स्वागतकक्षातल्या मुलीने आम्हाला प्रात्यक्षिकासह समजावलं. मी विचारलं, "चोराकडे ब्लेड असलं तर?" ती गोड हसली. म्हणाली, "सर, हे फक्त तुमच्या समाधानासाठी असतं." म्हणजे कुलूप तंबूसाठी नव्हतंच, माझ्यासाठी होतं.

मी तिथे कसा पोचलो, तेही सांगितलं पाहिजे. जानेवारीत मला साठ पूर्ण झाली. साठीशांत करावी, गुरुजी बोलवावेत, दीडशे पानं उठवावीत, असं माझ्या धाकट्या बहिणीचं म्हणणं. मुलाचं म्हणणं वेगळं. "बाबा, तुम्ही जन्मभर रानावनात राहिलात. आता एकदा नीट राहा." त्याने आणि सूनबाईंनी मिळून आम्हा दोघांना एका संगीत महोत्सवाची भेट दिली. पवना धरणाच्या काठी दोन रात्री, आलिशान तंबू, जेवणखाण आणि गाणी. भेटीची किंमत आम्हाला सांगितलेली नव्हती. ती मी स्वतः शोधून काढली, म्हणजे मुलाचा लॅपटॉप उघडा होता. 42,000 रुपये. एवढ्यात दीडशे पानं जिलबीसह उठली असती आणि आशीर्वाद मिळाले असते ते वेगळेच.

या प्रकाराला ग्लॅम्पिंग म्हणतात. ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने हा शब्द 2016 साली पदरात घेतला. आमच्या खात्यात त्याला 'साइटवर मुक्काम' म्हणत. मी पाटबंधारे खात्यात होतो. 1987 साली नोकरीला लागलो आणि पहिली चार वर्षं सर्व्हेच्या तंबूत काढली. कॅनव्हासची राहुटी, एक कंदील, एक डम्पी लेव्हल, तीन दगडांची चूल आणि तिच्यावर पिठलं ढवळणारे खलाशी. रात्री अंथरुणाखाली एक दगड टोचे. सकाळी तो काढून टाकला की दुसऱ्या रात्री त्याच्या शेजारचा टोचे. या राहण्याबद्दल सरकार मला दैनिक भत्ता देत असे. पुढे लोक पदरचे पैसे घालून तंबूत राहायला येतील, असं त्या काळी मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला खलाशांकरवी सावलीत नेऊन पाणी पाजलं असतं.

पहिला खटका गेटवर उडाला. तिथे मनगटाला कापडी पट्टा बांधतात. एकदा आवळला की कात्रीशिवाय निघत नाही. पट्ट्यात चिप असते. चिपेत आधी पैसे भरायचे, मग आत जे लागेल ते मनगट टेकवून घ्यायचं. रोख चालत नाही. खिशात पाचशेच्या नोटा असताना मी पाण्याच्या बाटलीसाठी हात पुढे करून उभा होतो. पट्ट्यांना रंग होते. साध्या तिकिटाला हिरवा, त्यावरच्याला निळा आणि आम्हाला चंदेरी. चंदेरीवाल्यांची रांग स्वतंत्र होती. ती हिरव्यांच्या रांगेहून लांब होती, कारण चंदेरी पट्टे भरपूर विकले गेले होते; पण तिच्यावर मांडव होता आणि पुदिना घातलेलं पाणी फिरत होतं. आम्हीही पाऊण तास उभेच राहिलो, मात्र प्रतिष्ठेने.

मग एक गृहस्थ रांगेच्या बाजूने सरळ आत गेले. त्यांच्या मनगटाला काळा पट्टा होता. तोवर काळा पट्टा असतो हे मला ठाऊक नव्हतं आणि आपल्याला काही कमी आहे असंही वाटत नव्हतं. चंदेरी पट्ट्याचं सुख त्या क्षणी संपलं. 2025 च्या जानेवारीत नवी मुंबईत कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले तेव्हा तिकिटं 2,500 रुपयांपासून 35,000 पर्यंत होती. गाणी सगळ्यांसाठी तीच. मग वरचे 32,500 कशाचे, असा प्रश्न मी त्या वेळी घरात विचारला होता आणि मला कोणी उत्तर दिलं नव्हतं. ते मला या रांगेत मिळालं. ते पैसे अंतराचे असतात. हिरव्यापासून जितकं लांब, तितके जास्त.

तंबूपर्यंत न्यायला कॅम्प बटलर आला. हे त्याच्या बिल्ल्यावर लिहिलेलं होतं, नाहीतर मला कळलं नसतं. विशीतला पोरगा, काळं जाकीट, कानात वायर. वॉकीटॉकीवाला मॅनेजर आसपास असला की तो मला 'सर' म्हणे, नसला की 'काका'. आमच्या दोन बॅगा आणि आम्ही दोघं अशा चार नगांना त्याने बॅटरीच्या गाडीत घातलं आणि साधारण दोनशे मीटरवर उतरवलं. आमच्या शेजारून हिरवे पट्टेवाले चालत येत होते. ते आमच्या आधी पोचले.

तंबूला 'लेक व्ह्यू' होता. त्याचे दोन हजार जादा. इथे माझी तांत्रिक हरकत आहे. पवना हा लेक नाही. तो धरणाचा फुगवटा आहे. त्यातलं पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात, आणि ते त्याला लेक म्हणत नाहीत, पाणीकपात म्हणतात. काठावरची ती सपाट, मऊ जमीनही मी बघताक्षणी ओळखली. पाणी ओसरत गेलं की बुडीत क्षेत्रातली अशी गाळाची जमीन उघडी पडते. ती धरणग्रस्तांना गाळपेरासाठी भाडेपट्ट्याने द्यायची, अशी आमच्या खात्याची पद्धत. ओलीवर हरभरा निघतो, गहू निघतो. इथे तंबू निघाले होते. रांगेत, सारख्या अंतरावर, एका उंचीचे. एकरी उत्पन्न अर्थातच जास्त, आणि पाखरं राखायची कटकट नाही.

बटलरला मी गाव विचारलं. त्याने पाण्याकडे बोट केलं. "तिकडं होतं, काका. आजोबांचं घर, शेत, समदं. आता खाली आहे." दोन हजार जादा देऊन मी जे बघत होतो ते त्याच्या आजोबांच्या घरावरचं पाणी होतं. माहितीपत्रकात याचा उल्लेख नव्हता. मी कोणत्या खात्यातून निवृत्त झालो ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

समोर पाण्यापलीकडे तुंग आणि तिकोना दिसत होते. तुंगाचं दुसरं नाव कठीणगड आणि तिकोन्याचं वितंडगड. मुक्काम कसा होणार याची कल्पना मला या दोन नावांवरूनच यायला हवी होती.

तंबूच्या आत शिरल्यावर सौभाग्यवतींच्या तोंडून "अगंबाई!" असं निघालं. ते कौतुकाने निघालं होतं. आत दुहेरी पलंग होता, त्यावर हंसाच्या आकारात घडी केलेले दोन टॉवेल. गालिचा, आरसा, चहाची किटली, फुलदाणी, दोन खुर्च्या, एसी. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये जे जे आहे ते सगळं होतं, फक्त भिंती नव्हत्या. भिंतींना कान असतात असं म्हणतात. कापडी भिंतींच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. ती भिंत म्हणजेच कान. डावीकडच्या तंबूतल्या जोडप्याचं कर्जाच्या हप्त्यावरून काय बिनसलंय, हे मला दहा मिनिटांत समजलं. उजवीकडचे गृहस्थ रात्रभर घोरत होते आणि सकाळी न्याहारीला भेटले तेव्हा म्हणाले, "काय शांतता आहे नाही इथे!"

शांततेची सोय तंबूत केलेली होती. उशाशी एक छोटं यंत्र होतं. त्यावर पाऊस, समुद्र आणि जंगल अशी तीन बटणं. मी जंगल दाबलं. रातकिडे किरकिरायला लागले. बंद केलं तेव्हा कळलं की बाहेर खरे रातकिडे नाहीत, जनरेटर आहे. एसी चालायचा तर जनरेटर हवा, जनरेटर असला की रातकिडे गप्प होतात, आणि रातकिडे गप्प झाले की यंत्र लागतं. मावळातल्या जानेवारीच्या रात्री एसी कशाला, असं मी बटलरला विचारलं. तो म्हणाला, "काका, पॅकेजमध्ये आहे."

आडवा झालो तर छताला पाल. भिंत नाही म्हणून तिने छत धरलं होतं. मी स्वागतकक्षाला फोन लावला आणि सांगितलं, "पालात पाल आहे." पलीकडून विचारणा झाली, "सर, कशात काय आहे?" मराठीत ते पाल म्हणजे तंबू आणि ती पाल म्हणजे भिंतीवरची, एवढं व्याकरण मी रात्री अकरा वाजता फोनवर समजावलं. माझ्या लहानपणी गावाबाहेर डोंबारी, वैदू, नंदीबैलवाले उतरत, त्यांची पालं असत. चार काठ्या आणि एक जुनेर. त्यांनाही झोपल्या जागेवरून तारे दिसत. त्याचे जादा पैसे कोणी मागत नसे. पोलीस पाटील फक्त येऊन नावं लिहून नेई आणि कधी निघणार ते विचारी. आम्हालाही नावं लिहून द्यावी लागली होती, पण निघताना 'पुन्हा या' म्हणाले. पट्ट्याचा फायदा म्हणतात तो हाच असावा.

आलिशान तंबू महाराष्ट्राला नवे आहेत असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. औरंगजेब 1681 साली दक्षिणेकडे निघाला तो 1707 साली नगरजवळ भिंगारला डोळे मिटेपर्यंत माघारी गेला नाही. पंचवीस वर्षांहून जास्त काळ माणूस बहुतेक छावणीत राहिला, आणि पॅकेज काही संपेना. पण व्यवस्था बघा. मुघल बादशहांच्या तंबूंचे दोन संच असत. बादशहा एका संचात मुक्कामाला असताना दुसरा पुढच्या ठिकाणी रवाना झालेला असे. त्याला पेशखाना म्हणत. म्हणजे स्वारी पोचायच्या आत तंबू उभा. आमचं चेक-इन दुपारी दोनचं होतं आणि तंबू साडेचारला मिळाला. तीनशे वर्षांत सेवा घसरली आहे.

अशा तंबूबद्दलचा महाराष्ट्रातला सगळ्यात गाजलेला अभिप्राय 1689 सालचा आहे. संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण तुळापूरच्या बाजूला बादशाही छावणीत रात्री घुसले, तणावे कापले आणि डेऱ्यावरचे सोन्याचे कळस घेऊन निघून गेले, ही हकीकत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. बादशहा त्या रात्री दुसऱ्या तंबूत होता म्हणून वाचला, असंही सांगतात. संताजींनी पाचपैकी किती तारे दिले याची नोंद कोणी केलेली नाही, पण कळस नेले यावरून अंदाज येतो.

परदेशातही मोठ्या तंबूंचं पुढे फारसं बरं झालेलं नाही. इराणच्या शहाने 1971 साली पर्सेपोलिसच्या अवशेषांजवळ तंबूंचं शहर उभारलं आणि जगभरचे राजे, राष्ट्राध्यक्ष जेवायला बोलावले. जेवण पॅरिसच्या मॅक्झिम्सचं होतं. 1979 साली शहाला देश सोडावा लागला. 2017 साली बहामाजमध्ये फायर नावाच्या महोत्सवाने आलिशान मुक्कामाचा वायदा करून तिकिटं विकली आणि पाहुण्यांच्या वाट्याला आपत्तीग्रस्तांसाठी असतात तसले तंबू आणि पावात चीज आलं. आयोजक पुढे तुरुंगात गेला. मुलाने मला निघण्यापूर्वीच धीर दिला होता, "बाबा, हे तसं नाही." तसं नव्हतंच. कबूल केलेलं सगळं त्यांनी दिलं. फसवणूक झाली असती तर तक्रारीला निदान भक्कम जागा मिळाली असती. मला जी मिळाली ती कापडी होती.

जेवणाबद्दल थोडंच सांगतो, कारण भागही थोडाच होता. चंदेरी पट्ट्याला स्वतंत्र भोजनमांडव होता. तिथल्या यादीत 'स्मोक्ड मिलेट बोल' नावाचा पदार्थ होता, 650 रुपये, पॅकेजबाहेर. आला तेव्हा खोलगट काळ्या दगडी वाडग्यात तळाशी दोन मुठी हुरडा होता, वर दह्याचा एक ठिपका आणि लसणाच्या चटणीची बोटभर रेघ. खाणं अगदी ओळखीचं होतं, त्यामुळे राग जास्त आला. हुरडा असा खायचाच नसतो. शेताच्या बांधाला आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, कोणीतरी जाणत्याने ती तळहातावर चोळायची आणि गरम दाणे आपल्या हातावर पडायचे. आपण तोंडात टाकेपर्यंत त्याने दुसरं कणीस घेतलेलं असतं. यात वाडग्याला कामच नाही. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होऊन गेल्यापासून ज्वारीचा रुबाब फार वाढला आहे. माझ्या आजीने जन्मभर मिलेट खाल्लं आणि तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

सकाळी चहा मागितला तर कोणतं दूध, असं विचारलं गेलं. बदामाचं आणि ओटचं होतं. म्हशीचं मागवावं लागेल म्हणाले. इंग्लंडात ग्लास्टनबरीला मायकल ईव्हिस या शेतकऱ्याने 1970 साली आपल्या शेतावर पहिला महोत्सव भरवला तेव्हा तिकीट एक पौंड होतं आणि शेतावरचं दूध फुकट. पन्नास वर्षांत या धंद्याने मोठी मजल मारली, एवढंच त्यातून कळतं. आमच्या तंबूमागे दोन म्हशी चरत होत्या. त्यांना पट्टे नव्हते, म्हणून त्यांचा या व्यवहाराशी संबंध नव्हता.

आता गाणं. गाणं हे या सगळ्याचं निमित्त होतं, त्यामुळे त्याच्यापर्यंत पोचायला इतका वेळ लागला यात नवल नाही. चंदेरी पट्टेवाल्यांसाठी उंच मचाण होतं. त्यावर सोफे, सोफ्यांवर पांघरुणं, पायाशी विजेची शेगडी. तिथून मंच किती लांब आहे ते मी सर्व्हेच्या सवयीने नजरेने काढलं. 120 मीटर भरलं असतं. गायिका तर्जनीच्या नखाएवढी दिसत होती. म्हणून मचाणावर मोठा पडदा होता आणि त्यात ती नीट दिसत होती. म्हणजे मी घरून निघून, घाट चढून, पट्टा बांधून, सोफ्यावर बसून, पांघरूण घेऊन गाणं टीव्हीवर पाहिलं. हिरवे पट्टेवाले मंचाला टेकून उभे होते. गायिकेने मधेच माइक पुढे धरला तेव्हा त्यांच्यातली एक मुलगी दोन ओळी गायली. आमच्याकडे कोणी माइक धरला नाही. आमच्याकडे मेनूकार्ड धरलं.

पुण्याच्या माणसाला अशा वेळी सवाई आठवणं हा नियम आहे, आणि मीही तो मोडणार नाही. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेल्या त्या महोत्सवात अजूनही 'भारतीय बैठक' नावाचं तिकीट असतं. भारतीय बैठक म्हणजे जमीन. पूर्वी मैफली रात्रभर चालत. आम्ही सतरंजी, शाल आणि डब्यात थालीपीठ घेऊन जात असू. पहाटे भैरवी ऐकून उठताना कमरेखालचं सगळं बधिर झालेलं असे आणि त्याला आम्ही समाधी लागणं म्हणत असू. सोफ्याची तिकिटं तेव्हाही होती. पण सोफ्यावरचे लोक डुलक्या घेतात असं आम्ही खालून म्हणायचो आणि त्या बोलण्यावर आमचे गुडघे तग धरून राहायचे. या वेळी मी सोफ्यावर होतो. दुसऱ्या गाण्याला मला डुलकी लागली. खालून कोणीतरी बोललं असणार.

रात्री दहाला गाणं थांबलं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी केली आहे. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं. तो दिवस यातला नसावा. सवाईच्या रात्री गेल्या त्या याच नियमाने, त्यामुळे माझं त्याच्याशी जुनं वैर आहे. पण आयोजकांनी त्यावर तोडगा काढला होता. दहानंतर सगळ्यांना कानांवर चढवायचे हेडफोन वाटले. त्यांतून संगीत ऐकायचं आणि नाचायचं. मी ते लावले नाहीत. म्हणून मला जे दिसलं ते असं: चार-पाचशे माणसं धरणाच्या काठी, चांदण्यात, एका अक्षराचाही आवाज न करता नाचत होती. फक्त गवतावर पाय घासल्याचा आवाज आणि मधेच कोणीतरी बेसुरात ओरडलेली एखादी ओळ. म्हशी थांबून बघत होत्या. त्यांच्या आणि माझ्या मतात त्या क्षणी काही फरक नव्हता.

सौभाग्यवती मात्र नाचत होत्या. आमच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली. ही बाजू मला नवीन होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "अगं, चल, साडेअकरा झाले." तिने मला हात हलवून दाखवला. हेडफोनच्या आत काय चाललं होतं ते मला ऐकू येत नव्हतं आणि मी काय बोलतो ते तिला ऐकू येत नव्हतं. आजूबाजूला असे बरेच संसार सुखाने चालले होते.

मी एकटाच तंबूकडे परतलो आणि तिथे कुलूप होतं.

आकडे सौभाग्यवतींनी लावले होते. मी लग्नाची तारीख फिरवून पाहिली. मुलाची जन्मतारीख पाहिली. फ्लॅटचा नंबर तीन आकडी आहे, तोही झाला. थंडी चांगलीच होती आणि माझा स्वेटर आत, कुलपाच्या बंदोबस्तात होता. स्वागतकक्षाला फोन केला. मॅनेजर म्हणाला की कुलूप तोडल्यास मालमत्तेच्या नुकसानीपोटी 1,500 रुपये पट्ट्यातून वजा होतील, आणि न तोडता उघडणारा माणूस सकाळी आठला येतो. तोपर्यंत मी मचाणावर सोफ्यात बसू शकतो. पांघरुणाचे वेगळे पैसे नाहीत.

तेवढ्यात बटलर आला. मॅनेजर जवळपास नव्हता. त्याने कुलपाकडे नजरही टाकली नाही. "काका, इकडं या," म्हणाला आणि तंबूला वळसा घालून मागे गेला. खाली बसून त्याने एक मेख दोन हिसक्यांत उपटली, तणावा सैल केला आणि कापड गुडघाभर उचलून धरलं. "शिरा खालून."

मी पोटावर आडवा झालो. साठी पूर्ण झाल्यानंतरचा माझा हा पहिला साष्टांग नमस्कार. कोपरांनी सरकत आत गेलो. माती गार होती आणि तिला ओल्या गाळाचा वास होता. हा वास मी चार वर्षं अंथरुणात घेतला आहे. अर्धा आत, अर्धा बाहेर असताना उजव्या बरगडीखाली एक दगड टोचला. थेट 1987 सालचा. मी तिथे गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ थांबलो असेन, कारण बाहेरून बटलरने विचारलं, "अडकला का, काका?"

आत गेल्यावर त्याने बाहेरून मेख परत ठोकल्याचे चार ठोके ऐकू आले. मी गालिच्यावर उभा राहून सदऱ्याची माती झटकली, टॉवेलच्या हंसांना बाजूला केलं आणि झोपलो. आणि इथे मला एक कबुली द्यावी लागते, जी खरं म्हणजे माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. गादी उत्तम होती. इतकी चांगली झोप मला कोथरूडलाही लागत नाही. सगळी गैरसोय असती तर मी हा लेख ताठ मानेने लिहिला असता.

सौभाग्यवती साडेबाराला आल्या. कुलूप एका झटक्यात उघडल्याचा आवाज झाला. "अहो, तुम्ही आत कसे?" "आकडे कोणते होते?" मी विचारलं. ती म्हणाली, "बदललेच कुठे होते? मिळालं तेव्हापासून तीन शून्यच आहेत."

घरी आल्यावर फोनवर अभिप्रायाचा फॉर्म आला. सौभाग्यवतींनी पाचपैकी पाच तारे दिले आणि पुढच्या वर्षीचं बुकिंग कधी सुरू होतं ते विचारलं. माझ्या फॉर्ममध्ये शेवटचा प्रश्न होता: 'मुक्कामातला सर्वांत अस्सल अनुभव कोणता वाटला?' मी लिहिलं: तंबूच्या मागच्या बाजूचा, डावीकडून तिसऱ्या मेखेजवळचा दगड.

तासाभरात उत्तर आलं. झालेल्या गैरसोयीबद्दल ते मनापासून दिलगीर होते. पुढच्या वेळी आपण याल तेव्हा तो दगड तिथे नसेल, याची खात्री बाळगावी, असं त्यांनी कळवलं होतं.